पुढच्या सीटवर केराबाई

९ जानेवारी, गुरुवार. सोलापूर

सोनमने मोबाइलवर विमानाची तिकिटं पाठवली आणि वर हुकूम सोडला, "आबा, आजपास्नं रोजचं लिहून ठेवा. मागनं वाचाय बरं वाटतंय." एकतीस वर्षं मी एसटीची लॉगशीट भरली. गाडी किती वाजता सुटली, कुठे किती मिनिटं थांबली, एवढाच मजकूर. मनातलं लिहायला त्यात रकाना नव्हता. ही वही दोनशे पानी आहे, तेव्हा जागेची अडचण नाही.

वही हरवली तर सापडणाऱ्यासाठी लिहून ठेवतो. सिद्धराम गुंडा सरगर, एसटीचा निवृत्त चालक, वय एकसष्ट, राहणार जुळे सोलापूर. मूळ गाव सांगोला तालुक्यात, बापजाद्यांचा धंदा मेंढरांचा. मुलगी सोनम न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चला नर्स आहे. जावई तिथेच नोकरीला आहेत, पण त्यांना सुट्टी नाही. म्हणून मी, माझी बायको केराबाई आणि सोनम अशा तिघांनी भाड्याची मोटार घेऊन घाट ओलांडायचा आणि पलीकडच्या समुद्रापर्यंत जायचं. मोटार मी चालवायची असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय, आणि सोनमने अजून नाही म्हटलेलं नाही.

यामागचं कारण कोणाला सांगितलेलं नाही. एकतीस वर्षांत लाखो माणसं नेली, एकाच्याही नखाला धक्का लागू दिला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो कपाटात आहे. पण केराबाईला शेजारी बसवून मी कधी गाडी चालवली नाही. एसटीत चालकाच्या शेजारी बायकोला बसायला जागा नसते. ती माझ्या गाडीने माहेरी जायची तेव्हा चार प्रवाशांसारखी तिसऱ्या रांगेत बसायची. चालकाशी बोलू नये असं समोर लिहिलेलं असायचं, आणि ही नियमाची अशी पक्की की उतरतानासुद्धा "येते" म्हणायची नाही. घरात आमची मोटार कधी आली नाही. तेव्हा एकदा तिला पुढच्या सीटवर बसवून चांगल्या रस्त्याने लांब न्यायचं आहे. बाकी बर्फाचे डोंगर ज्याला बघायचे त्याने बघावेत.

१८ जानेवारी, शनिवार

सिद्धेश्वराच्या यात्रेला, आमच्या गड्ड्याच्या जत्रेला, जाऊन आलो. गर्दीत कोणीतरी खांद्याला धरून मागे ओढलं. बघतो तर चनबसप्पा, चौदा वर्षं माझ्या गाडीवर असलेला कंडक्टर.

"येनप्पा सिद्राम, हात करून दमलो की. तोंडासमोरनं गेलास, वळख दिली न्हाईस."

धूळ केवढी, गर्दी केवढी, त्यात त्याने नवी टोपी घातलेली. कोण ओळखणार? मी तसं म्हटलं, तर तो हसला नाही. केराबाईकडे बघत राहिला आणि केराबाई खाली बघत राहिली. चनबसप्पाचं आता वय झालं, मनाला लावून घेतो.

पाळण्यांची रोषणाई यंदा झकास होती. हल्ली दिवे काहीतरी वेगळेच निघालेत. प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं आणि सगळे एकमेकांत मिसळून जातात. मी केराबाईला म्हटलं, पूर्वी असे दिवे नव्हते. ती म्हणाली, "न्हवते."

तिला दिवाळीपासून एक खोड लागली आहे. रस्त्याने चालताना दिसेल ती पाटी मोठ्याने वाचते. "अवो, फुडं खड्डा हाय म्हणून लिवलंय." "अवो, रिक्षा थांबा." परवा तर रंग द्यायला काढलेल्या भिंतीवरचं 'येथे टेकू नये' हेसुद्धा वाचलं. चौथी शिकलेली बाई, साठीला आल्यावर वाचनाची हौस फिटवून घेते आहे. आपण कशाला मोडता घाला?

२४ जानेवारी, शुक्रवार

परदेशात गाडी चालवायच्या परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. माझ्या नेहमीच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे तो पंधरा वर्षांत बदललेला नाही. मला वरून खाली आणि खालून वर पाठ आहे. डॉक्टरने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत थांबलोच नाही. डॉक्टर म्हणाला, "वा ड्रायव्हरसाहेब, अजून घारीची नजर आहे." मला बरं वाटलं. तरुण पोरांना चष्मे लागलेत आणि आपण एकसष्टीला तक्ता सरसर म्हणतो.

२ फेब्रुवारी, रविवार

नवी पेठेत स्वेटर घ्यायला गेलो. केराबाई चष्म्याच्या दुकानापुढे अडून बसली. "नुसतं बगून येऊ की. तुमी बी बगा एकदा." मी म्हटलं, या वयात मला गॉगल घालून हिरो करतेस काय? दुकानदार बाहेर येऊन फुकट तपासणी आहे म्हणाला. फुकट तिथे काहीतरी खोट असतेच. मी तिला हाताला धरून पुढे काढली. कोपरा वळेपर्यंत ती मागे वळून दुकानाकडेच बघत होती. बहुतेक तिलाच गॉगल घ्यायचा होता. तिकडे गेल्यावर घेऊन देईन.

खालच्या मजल्यावरच्या ऋतुजा बाई शाळेत इंग्रजी शिकवतात. केराबाई रोज दुपारी कडक भाकरीचं काम उरकून त्यांच्याकडे जाते आणि एबीसीडी गिरवते. मी विचारलं, आता मॅट्रिकला बसणार का? म्हणाली, "तितल्या पाट्या मराठीत आसत्यात व्हय?" मी पोट धरून हसलो. तरी मनात कौतुक वाटलं. पिठाच्या हाताने पेन्सिल धरून बसते आणि एक अक्षर चुकलं की सबंध ओळ पुन्हा लिहिते.

९ फेब्रुवारी, रविवार

सरावासाठी शेजारच्या अभिमन्यूची मोटार मागून घेतली आणि अक्कलकोटला चनबसप्पाकडे गेलो. केराबाई मुद्दाम मागे बसली. पुढे बसायचं ते तिकडेच, असं मी तिला सांगून ठेवलंय.

वाटेत एक गतिरोधक लागला, तो कोणीतरी रातोरात घातलेला असणार. पांढरे पट्टे नाहीत, काही नाही. केराबाई "अवो" म्हणेस्तोवर गाडी उडाली आणि तिचं डोकं टपाला लागलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण या बांधकामवाल्यांचं अंगण खरंच वाकडं असतं. परत येताना बघितलं तर पट्टे होते. दुपारून मारले असतील.

चनबसप्पाने जेवताना विचारलं, "सिद्राम, तितं पोरगीच चालिवती की गाडी. तू निवांत बस की." मी जेवता जेवताच म्हणालो, "चनबसप्पा, तू माझ्या गाडीवर होतास ती चौदा वर्षं मी झोपा काढल्या का?" तो म्हणाला, "न्हाय गा. म्हणून तर म्हंतोय." त्याच्या बायकोने वाटीत सार वाढलं आणि विषय तिथेच थांबला. मला अजून राग आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार. ख्राइस्टचर्च

पोचलो. सिंगापूरला विमान बदललं. उतरल्यावर एका फॉर्मवर खाण्याचं काय काय आणलं ते लिहायचं असतं. सोनमने बजावलं होतं, काही म्हणजे काही लपवू नका, लपवलं तर मोठा दंड. मी शेंगाचटणी, कडक भाकरी, लाडू सगळं लिहिलं. तिथल्या बाईने चटणीचा डबा उघडून वास घेतला, चार शिंका दिल्या आणि हसून डबा परत दिला. खरं लिहिलं की माणूस कुठेही ताठ मानेने बाहेर पडतो.

सोनम विमानतळावर आली होती. मी किल्ली मागितली तर म्हणाली, "आबा, दोन दिवस गाडीला हात लावायचा न्हाई. रातभर विमानात बसून आलेल्या माणसानं लगेच गाडी घ्यायची न्हाई, हितं लई अपघात तसेच हुत्यात." पोरगी शहाणी झाली. मीही नव्या चालकांना हेच सांगायचो, की झोप राहिली असेल तर स्टिअरिंगला हात लावू नये.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सोनमच्या घराजवळचं एक मोठं दुकान बंद झाल्यावर त्याच्या रिकाम्या आवारात सराव केला. या गाडीला क्लच नाही. डाव्या पायाला एकतीस वर्षांची सवय, तो क्लच समजून ब्रेकवर आपटला आणि तिघंही पुढे आपटलो. पट्टे लावलेले होते म्हणून बरं. सोनमने मागचाही पट्टा लावायला लावला होता. मग ती म्हणाली, "डावा पाय मागं घ्या, सीटखाली. तो आज रजेवर हाय." शिकवायची रीत चांगली आहे तिची. चौथ्या फेरीला गाडी लोण्यासारखी चालली.

घरी आल्यावर तिने तिच्या नियमांची उजळणी घेतली. इथेही डाव्या बाजूनेच चालायचं, ते सोपं. मागे दोन-तीन गाड्या जमल्या की पहिल्या मोकळ्या जागी बाजूला व्हायचं. देखावा आवडला म्हणून रस्त्यात थांबायचं नाही. दर दोन तासांनी उतरायचं. घाटाआधी टाकी भरायची, नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवायचा, कारण डोंगरात रेंज नसते. हॉर्न जवळजवळ वाजवायचाच नाही. आणि नद्यांवर एकेरी पूल आहेत. तिथे गोल पाटीवर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण छोटा आणि तांबडा असेल तर आपण थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. तिने कागदावर बाण काढून दाखवले. मी मान हलवली. घाटात कोणी थांबायचं हे सोलापूर डेपोच्या माणसाला शिकवायला नको.

आवारात सोनमने सहज विचारलं होतं, "आबा, त्या खांबावर काय लिवलंय बगा." मी बघेपर्यंत केराबाईने "ई, एक्स, आय, टी" करून टाकलं. सोनमने तिचं कौतुक केलं. मीही केलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

निघालो. शहर संपेपर्यंत सोनमने चालवली, मग मी घेतली. सोनमची मागचा आठवडाभर रात्रपाळी होती, झोपेची घडी अजून बसलेली नव्हती, ती मागे जाऊन बसली.

केराबाई पुढच्या सीटवर आली. पदर खोचून, पट्टा लावून, पर्स मांडीवर घेऊन. मी गाडी सुरू केली आणि तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत गाडी चालवताना ती मला इतकी जवळ कधीच दिसली नव्हती. म्हणाली, "रस्त्याकडं बगा." चालकाशी बोलू नये हा नियम मोडायची तिची ही पहिलीच वेळ.

रस्ता असा की भाकरी ठेवली तर घसरून जाईल. इथल्या माणसांचं किती कौतुक लिहू? मागून मोठा ट्रक आला तरी हॉर्न नाही. मी बाजूला झालो तर त्याने जाताना हात केला. लाल दिव्याला रिकाम्या चौकात एकटीच मोटार शहाण्यासारखी उभी राहते. शिस्त पोलिसाची नाही, ज्याच्या त्याच्या अंगातली आहे. आमच्या डेपोत अशा चालकांना बिल्ल्यांचं पोतं लागलं असतं.

दुपारी एका वळणापुढे रस्त्यावर धुकं पसरलेलं दिसलं. ऊन असताना धुकं, मला नवल वाटलं. केराबाई एकदम म्हणाली, "मेंढरं, अवो मेंढरं. थांबा." मी थांबवली. चारपाचशे मेंढरं रस्ता भरून येत होती, मागे चारचाकी मोटारसायकलवर एक बाप्या आणि तीन कुत्री. पुढच्या मोटारीतले लोक घाबरून काचा वर करत होते. मी इंजिन बंद केलं. माझा बाप म्हणायचा, मेंढराला वाट विचारायची नसते, आपण दगड व्हायचं, ती आपोआप फुटतात. तशीच फुटली. गाडीच्या दोन्ही अंगांनी गेली, लोकरीचा तोच वास. केराबाईने काच खाली करून हात बाहेर धरला, एकेक पाठ तिच्या बोटांखालून सरकत गेली. मेंढक्याने माझ्याकडे बघून मान हलवली. भाषा येत नव्हती पण एका धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. आजच्या दिवसासाठी मी इतक्या लांब आलो असं वाटलं.

डोंगराच्या कुशीत एका गावात मुक्काम केला. सोनम विचारत होती की त्याला धुकं का म्हणालात? मी म्हटलं, लांबून तसं वाटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. केराबाईचा उपवास, शेंगदाण्याच्या लाडवावर. आज जे झालं ते खरं लिहायचं ठरवलंय. लिहायला सकाळपासून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

कालच्यासारखाच मी स्टिअरिंगवर, केराबाई शेजारी, सोनमला मागे डुलकी लागलेली. रस्ता वळला तसं सकाळचं ऊन समोरून आलं. एक रुंद नदी आली, निळ्या पाण्याची, दगडगोट्यांची. केराबाईने पुढे वाकून पाटी वाचायला घेतली. "ओ... एन... ई..." एकेक अक्षर जुळवत होती बिचारी. तिचा शब्द पुरा होईस्तोवर गाडी पुलावर होती.

समोर उजेडाचा गोळा दिसला, म्हणजे पलीकडून कोणीतरी येत होतं. आपण अशा वेळी घाटात काय करतो? डिपर मारतो, म्हणजे पुढचे दिवे उघडझाप करतो. मी येतोय, तू थांब. मी मारला, दोनदा. आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. पण इथे डिपर मारला तर समोरच्याला वाटतं की हा मला या म्हणतोय. तो गोळा थांबायच्या ऐवजी वेगाने येऊ लागला. पूल एकेरी, दोन्ही बाजूंना कठडा. केराबाईने "शिवा शिवा" म्हणत समोरचा डॅशबोर्ड धरला. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा दोन्ही गाड्यांच्या मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा होती.

समोरच्या गाडीत एक म्हातारी होती, माझ्यापेक्षा मोठी, मागे ट्रॉली जोडलेली. तिने शिवी दिली नाही, हॉर्न दिला नाही. मान मागे वळवली आणि ती ट्रॉली पुलाच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मागे नेली. उलटी ट्रॉली सरळ नेणारा चालक मी अख्ख्या विभागात दोनच बघितले. आम्ही पलीकडे गेलो तेव्हा तिने खिडकीतून हात वर केला. जसं काही मीच तिला वाट दिली.

सोनमने मोकळ्या जागी गाडी थांबवायला लावली. खाली उतरली. "आबा, खाली या. त्या पाटीवर काय हाय ते सांगा." पुढे आणखी एक एकेरी पूल होता, त्याची पाटी वीस पावलांवर.

मी म्हटलं, डोळ्यावर ऊन येतंय. तिने मला खांद्याला धरून दोन पावलं बाजूला, झाडाच्या सावलीत घेतलं. "आता सांगा."

केराबाई गाडीतून उतरत म्हणाली, "सोनम, त्या पाटीवर..."

"आये, तू गप बस."

मला गोल दिसत होतं, कडेला काहीतरी तांबूस. इथे गोल पाट्यांवर वेगाचा आकडा असतो. मी म्हणालो, "सत्तर."

पाटीवर आकडा नव्हताच. दोन बाण होते, एक तांबडा, एक काळा, तिने कागदावर काढून दाखवले होते तसे. ती मला पाटीजवळ घेऊन गेली तेव्हा पाच पावलांवर ते मला दिसले.

सोनमने मला काही विचारलं नाही. आईला विचारलं, "कदीपास्नं?"

"दिवाळीपास्नं. तेच्या आदी बी आसल."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस? मी नर्स हाय, आये."

"त्यांची येकच इच्छा हुती गं," केराबाई म्हणाली. "मला वाटलं मी अक्षरं शिकले म्हंजे भागल. मी वाचीन, ती चालिवत्याल."

सोनम रडायला लागली. "तुमी दोगं बी गेला आसता की. मी मागं झोपले हुते."

मला राग आला आणि कोणाचा ते कळेना. ऊन, दिवे, गतिरोधक, चनबसप्पाची टोपी, ज्याला त्याला मी दोष देत आलो. डोळे माझे गेले आणि मीच दोष घ्यायचा सोडून बसलो. तो तक्ता मला पाठ आहे हे मला माहीत होतं. मुद्दाम फसवलं असं म्हणत नाही, पण वाचतोय की म्हणतोय हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. आणि ही बाई दिवाळीपासून भिंतीवरच्या पाट्या वाचत हिंडली, एबीसीडी गिरवली, ती कोणासाठी? मी तिला हसलो. लाज वाटते.

एसटीत वाटेवर चालक बदलतो तेव्हा जाणाऱ्याने येणाऱ्याला गाडीतला दोष सांगायचाच असतो. ब्रेक उशिरा लागतो, डाव्या अंगाला ओढते, जे असेल ते. दोष लपवून चार्ज दिला तर पुढचा अपघात देणाऱ्याच्या नावावर. मी एकदाही लपवला नाही. सोनमच्या हातात किल्ली दिली आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "गाडीत दोष न्हाय. चालकाला दिसत न्हाय."

तिने किल्ली घेतली आणि मला मिठी मारली. रस्त्याच्या कडेला, चार मोटारी जात असताना. मी म्हटलं, "चल, गाडी लेट हुतीया."

२७ फेब्रुवारी, गुरुवार. समुद्राकाठचं गाव

दिवसभर सोनमने चालवली. काल रात्री तिने मोबाइलचा दिवा डोळ्यात धरून बघितलं. मोतीबिंदू असावा म्हणते, दोन्हीकडे. पक्कं डॉक्टरच सांगेल. ऑपरेशनने बरं होतं, सोलापुरातही होतं. परत गेल्यावर पहिलं काम तेच. त्यानंतर तपासणी करून घ्यायची ती ज्या दवाखान्यातला तक्ता मी कधी बघितलेला नाही तिथे. डॉक्टर हो म्हणाला तर चालवीन, नाही म्हणाला तर नाही. परवाना तोवर सोनमच्या पर्समध्ये आहे, मीच दिला.

आज मी पुढच्या सीटवर बसून पोरीचा हात बघितला. वळणाआधी वेग कमी करते, वळणात ब्रेक लावत नाही. मागे गाडी आली की तोंड वाकडं न करता बाजूला होते. पुलापाशी थांबली, समोरून तीन गाड्या येऊ दिल्या, प्रत्येकाला हात केला. दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायला लावले. हिला गाडी शिकवली कोणी? मी तर नाही शिकवली. पोरीच्या जातीला स्टिअरिंग कशाला, असं तेव्हा मीच म्हणालो होतो. इथे आल्यावर ती स्वतः शिकली, पहिल्या परीक्षेत नापास झाली आणि दुसऱ्यांदा बसली, हे आज मला कळलं. मी तिला म्हणालो, "तू माझ्यापरास बरी चालिवतीस." ती म्हणाली, "तुमच्या मागच्या सीटवर बसूनच शिकले की, शाळेला जाताना." हे खरं की बापाचं मन राखायला, माहीत नाही. मी खरं धरलं.

केराबाई समुद्रात घोट्यापर्यंत गेली आणि लाट आली की लुगडं वर धरून मागे पळाली. मला किनाऱ्यावरून ती धूसर दिसत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो, म्हणजे नीट दिसली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

परत निघालो. केराबाई पुढे बसायला निघाली. मी म्हटलं, मागे ये. आम्ही दोघं मागच्या सीटवर बसलो, शेजारी शेजारी. लग्नाला अडतीस वर्षं झाली. लग्नानंतर गावाला गेलो ती बैलगाडी आणि इथे आणणारं विमान सोडलं तर दोघं मिळून प्रवासी म्हणून बसल्याचं मला आठवत नाही. एक तर मी चालवत असायचो, नाहीतर ती एकटीच जायची.

तिने पहिली पाटी वाचली, "एस... एल... ओ..." मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. सोनम बगतीया." तिने माझ्याकडे बघितलं, मग सोनमच्या मानेकडे बघितलं. पुढची पाटी आली, ती तिने वाचली नाही. त्यापुढचीही नाही.

दहा मिनिटांत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. अक्कलकोटला जाताना ती मागे ताठ बसली होती. इथे दोन दिवस पुढे बसली तेव्हाही तिची पापणी लवली नव्हती. मला वाटायचं, बाईला प्रवासाची किती हौस. चालकाला कोणी शाबासकी देत नाही, पण गाडीत माणसं झोपली की त्याला कळतं की आपल्यावर भरवसा आहे. माझ्या गाडीत पाचपाच तास माणसं घोरत गेली, आणि दिवाळीपासून माझी बायको एकदाही झोपली नव्हती.

पूल आला. सोनम थांबली, समोरची गाडी जाऊ दिली, मग आम्ही ओलांडला. खांदा अवघडला होता पण मी हललो नाही. पुढे घाट लागला तेव्हा सोनमला हळूच सांगितलं, "वळणं सावकाश घे. आई झोपलीया."